ग्राहकाची साक्ष



या वर्षीच्या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक शाळेने मला दिली. व्यापाऱ्याने आपल्या संकेतस्थळावर ग्राहकांचे अभिप्राय कसे योजावेत, हा विषय मी कळविला तेव्हा समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांना थोडे आश्चर्य वाटले. हा दुकानदारीचा विषय, शाळेच्या व्यासपीठावर त्याचे काय प्रयोजन, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो वावगा नव्हता. माझे आयुष्य वाणिज्य शिकविण्यात गेले, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे की, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास केव्हा ठेवावा आणि आपल्यासाठी दुसऱ्याचा शब्द कोणत्या रीतीने मागावा, हा प्रश्न दुकानापुरता मर्यादित नाही. दुकानात तो रोज उभा राहतो, एवढेच.

गेल्या हिवाळ्यात माझा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. वारासिवनीकडे त्यांची शेती आहे. घरचा चिन्नोर तांदूळ तो संकेतस्थळावरून नागपूर, पुणे, जबलपूर अशा ठिकाणी पाठवितो. चिन्नोर म्हणजे काय, हे बालाघाट जिल्ह्यातील श्रोत्यांना सांगावयास नको. शिजताना ज्याचा वास शेजारच्या घरी जातो आणि ज्याच्या मऊ, गोडसर भाताला वरण नसले तरी चालते, तो हा तांदूळ. २०२१ साली त्यास भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. विद्यार्थ्याने मोठ्या हौसेने आपले पान मला दाखविले. तांदळाची छायाचित्रे उत्तम होती. खाली ग्राहकांचे सहा अभिप्राय होते. 'अप्रतिम तांदूळ', 'एकदा वापरून पाहाच', 'असा तांदूळ कुठेही मिळणार नाही', अशी त्यांची भाषा. आणि प्रत्येकाखाली 'एक समाधानी ग्राहक, पुणे' किंवा 'एक गृहिणी, नागपूर' अशी सही.

"हे कोणी लिहिले?" मी विचारले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. "सर, चार मीच लिहिले. दोन चुलतभावाने. सगळेच लिहितात, सर."

मला राग आला नाही, वाईट मात्र वाटले. कारण त्याचा तांदूळ खरोखरच चांगला आहे; तो आमच्या घरी आला आहे. खऱ्या मालासाठी त्याने खोटे साक्षीदार उभे केले होते. न्यायालयात खरा दावा खोट्या साक्षीने बुडतो, ही गोष्ट कोणीही वकील सांगेल. विशेष म्हणजे त्याच्याजवळ खरे ग्राहक होते. त्यांना विचारण्याचा मात्र त्याला संकोच वाटत होता.

येथे थोडे शास्त्राकडे वळतो. आपल्या न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणे मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द हे प्रमाण केव्हा ठरते? तो आप्ताचा असेल तेव्हा. येथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. भाष्यकार वात्स्यायनांनी केलेले विवेचन आपल्या भाषेत सांगावयाचे तर, ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगावी ही ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे ते असेही म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. साक्षीदाराची प्रतिष्ठा कोणती, हे भाष्यकार विचारीत नाहीत. त्याने पाहिले काय आणि पाहिले तसेच तो सांगतो काय, एवढेच ते विचारतात. ग्राहकाच्या अभिप्रायाची सारी परीक्षा या दोन प्रश्नांत आहे, आणि 'एक समाधानी ग्राहक, पुणे' हा गृहस्थ त्यांपैकी एकालाही उत्तर देऊ शकत नाही.

आता दोन जुनी उदाहरणे पाहू. दोन्ही आपल्या परिचयाच्या उद्योगांची आहेत.

पहिले लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हा नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, असा शेतकऱ्यांचा दृढ समज होता. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. नांगराची घडण चांगली होती, लोखंडही चांगले होते. परंतु कारखानदाराने स्वतःच्या मालाविषयी काहीही सांगितले तरी शेतकऱ्याच्या शंकेला ते उत्तर होत नव्हते. शेतकरी शेजाऱ्याच्या बांधावर उभा राहतो, नांगराचा तास किती खोल गेला ते पाहतो, पुढच्या हंगामात पीक कसे उभे राहिले ते पाहतो आणि मग शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारतो: "जमिनीचे काही वाईट झाले काय?" या प्रश्नाचे शेजाऱ्याने दिलेले उत्तर म्हणजे साक्ष. ती नांगराची स्तुती नाही. घेणाऱ्याच्या मनातील नेमक्या भीतीला, त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाने स्वतःच्या अनुभवावरून दिलेले ते उत्तर आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, त्याचा आरंभीचा हेतूही कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्यात संवाद राहावा हाच होता. त्याचे पुढे एक मोठे मराठी मासिक झाले, हा इतिहास निराळा.

दुसरे उदाहरण गोदरेज साबणाचे. प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पतिजन्य तेलापासून केलेला हा स्वदेशी साबण पहिल्या महायुद्धानंतर बाजारात आला आणि त्याच्या जाहिरातीत प्रत्यक्ष रवींद्रनाथ ठाकुरांचा अभिप्राय छापला गेला. याहून सरस विदेशी साबण मला ठाऊक नाही आणि मी आवर्जून हाच वापरतो, अशा आशयाचा तो होता. कवीला साबणातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण त्या अभिप्रायाची मांडणी नीट पाहावी. त्यात रसायनशास्त्राचा दावा नाही. मी वापरतो, एवढेच तो माणूस सांगतो; आणि विदेशी मालाशी केलेली तुलना त्या काळच्या ग्राहकाच्या मनातील शंकेला, म्हणजे देशी माल हलका तर नसेल ना या शंकेला, नेमके उत्तर देते. थोरामोठ्यांचे अभिप्राय छापण्याची प्रथा नंतर फार वाढली. त्यांपैकी किती जणांनी ती वस्तू वापरली असेल, हे आपण रोज दूरदर्शन संचापुढे बसून ठरवीतच असतो.

नांगर आणि साबण या दोहोंत एक साम्य आहे. दोन्ही वस्तू तेव्हा नव्या होत्या. त्यांच्या नावाला बाजारात अद्याप वजन नव्हते. ज्याचे नाव झालेले नाही त्यालाच साक्षीदाराची गरज अधिक असते. या व्यवहारज्ञानाला अलीकडे संशोधनाचाही आधार मिळाला आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मायकेल लुका यांनी २०११ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या उपाहारगृहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'येल्प' या संकेतस्थळावर ग्राहकांनी दिलेल्या गुणांत एका ताऱ्याची वाढ झाली तर उत्पन्न सुमारे ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. मात्र हा परिणाम स्वतंत्र, एकट्या चालणाऱ्या उपाहारगृहांवर होता. ठिकठिकाणी शाखा असलेल्या नामांकित साखळ्यांवर तो दिसला नाही. तेथे काय मिळणार हे लोकांना आधीच ठाऊक असते. बालाघाटच्या तांदूळवाल्याने किंवा वारासिवनीच्या विणकराने या निष्कर्षाचा विचार करावा. वारासिवनीच्या हातमाग साडीलाही २०२३ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तथापि माल कोणत्या प्रदेशाचा, एवढेच तो निर्देशांक सांगतो. पुण्यातील गृहिणीला पडणारा प्रश्न वेगळा असतो: चिन्नोर म्हणून या दुकानदाराने मला जे पाठविले, ते खरोखरच चिन्नोर असेल काय? निर्देशांकाची मोहोर तेथवर पोहोचत नाही. तेथे आधी घेतलेल्या माणसाचाच शब्द लागतो.

मग तो शब्द मागावा कसा? माझ्या विद्यार्थ्याबरोबर बसून आम्ही जे केले ते सांगतो.

सर्वप्रथम ते सहाही अभिप्राय काढून टाकले. काही दिवस पान रिकामेच राहिले. त्याला ते फार जड गेले.

नंतर वेळेचा विचार केला. माल पोहोचला त्याच दिवशी अभिप्राय मागितला तर ग्राहक पिशवीविषयी आणि टपालाविषयी लिहितो. तांदळाचा अभिप्राय दोनदा भात शिजविल्यानंतर घ्यावा. साडीचा तर पहिल्या दोन धुण्यांनंतर. कारण रंग जातो काय, पोत बसतो काय, या शंका तोवर फिटलेल्या नसतात. वस्तू जेव्हा स्वतःची परीक्षा देते, तेव्हाच तिच्याविषयी विचारण्याला अर्थ असतो.

त्यानंतर प्रश्न. 'आमचा तांदूळ कसा वाटला?' या प्रश्नाला 'छान' यापलीकडे उत्तर येत नाही. यात ग्राहकाचा दोष नाही. प्रश्नातच उत्तराचे माप ठरलेले असते. आम्ही तीन प्रश्न लिहिले. घेण्यापूर्वी मनात कोणती शंका होती? पहिल्यांदा शिजविला तेव्हा काय झाले? काय आवडले नाही? तिसरा प्रश्न पाहून विद्यार्थी दचकला. पण पुढे सर्वांत उपयोगी उत्तरे त्याच प्रश्नाला आली.

नागपूरच्या एका बाईंनी लिहिले की पहिल्या दिवशी भाताचा गोळाच झाला. नेहमीच्या तांदळाइतके पाणी घातले होते. दुसऱ्या खेपेस पाणी कमी केले, तेव्हा भात मोकळा झाला आणि वासावरून सासूबाईंनी चिन्नोर म्हणून ओळखला. हा मजकूर आधीच्या सहांशी ताडून पाहा. यात फजिती आहे, तिचे कारण आहे आणि शेवटी तांदूळ ओळखणारी एक जाणती व्यक्ती आहे. असे वाक्य दुकानदाराला घरी बसून सुचत नाही. आणि वाचणाऱ्यालाही ते नकळत जाणवते. शिवाय विद्यार्थ्याला एक उणीव कळली. नव्या पिकाच्या तांदळाला पाणी कमी लागते ही आपल्या घरोघरची माहिती त्याने पिशवीवर छापलीच नव्हती.

भाषेविषयीही एक गोष्ट घडली. जबलपूरच्या ग्राहकाने हिंदीत लिहिले होते; गोंदियाकडच्या एकाने मराठीत आरंभ करून मध्येच पोवारीत दोन वाक्ये लिहिली होती. विद्यार्थ्याचा बेत सर्व मजकूर शुद्ध मराठीत उतरविण्याचा होता. मी तो मोडून काढला. आयुष्यभर वह्यांतील अशुद्धे लाल शाईने खुणावणाऱ्या माणसाने असे म्हणावे हे काहींना विचित्र वाटेल; पण साक्ष ज्या बोलीत दिली गेली त्याच बोलीत राहू द्यावी. सगळे ग्राहक एकाच वळणाने लिहू लागले की वाचणारा ओळखतो, लेखणी एकच आहे. फार तर खाली अर्थ द्यावा. लांब मजकूर आखूड करावयास हरकत नाही; मात्र आखूड केल्याने अर्थ बदलता कामा नये, आणि छापण्यापूर्वी तो लिहिणाऱ्यास दाखवावा. 'चांगला आहे, पण महाग वाटला' यातील उत्तरार्ध गाळणे म्हणजे आखूड करणे नव्हे.

अभिप्राय पानावर कोठे असावा, याकडेही फार थोड्यांचे लक्ष जाते. पुष्कळ ठिकाणी सारे अभिप्राय एका स्वतंत्र पानावर कोंडून ठेवलेले असतात. तेथे कोणी फिरकत नाही. किर्लोस्करांच्या शेतकऱ्याची आठवण ठेवावी. शंका जेथे उठते, तेथेच साक्षीदार उभा हवा. किंमत लिहिली असेल तेथे किमतीविषयीचा अभिप्राय, शिजविण्याची कृती असेल तेथे त्या नागपूरच्या बाईंचा, टपालखर्चाच्या रकान्याजवळ माल वेळेवर व सुस्थितीत पोहोचल्याचा. तीन-चार पुरेत. प्रत्येकाखाली गाव, महिना, वर्ष आणि काय घेतले होते ते असावे. पाच वर्षांपूर्वीच्या पिकाची साक्ष या वर्षीच्या पिकाला लागू होत नाही.

प्रतिकूल अभिप्राय पाहून आपल्याकडील दुकानदारांना घाम फुटतो. त्यांना एक दिलासा देतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एका संशोधन केंद्राने २०१७ साली दाखविले की खरेदीची शक्यता पाचपैकी पूर्ण पाच गुण असताना सर्वाधिक नसते, साधारणतः ४.० ते ४.७ या दरम्यान ती सर्वाधिक असते. पूर्ण निर्दोष वस्तूवर लोकांचा विश्वास बसत नाही. शाळेतही ज्याच्या प्रगतिपुस्तकात प्रत्येक विषयात पैकीच्या पैकी गुण दिसतात, त्याच्या गुरुजींकडे पालक संशयाने पाहतात. तक्रार आली तर ती राहू द्यावी आणि खाली नम्रपणे उत्तर द्यावे: काय चुकले, काय भरून दिले. वाचणारा तक्रारीइतकेच त्या उत्तराकडे पाहत असतो.

आता कायद्याविषयी थोडे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि त्यांतील शिफारशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. शिफारस ही करणाऱ्याचे खरे मत असावी, त्यामागे पुरेशी माहिती किंवा अनुभव असावा, आणि शिफारस करणारा व व्यापारी यांच्यात वाचकास अपेक्षित नसलेला काही संबंध असल्यास तो उघड करावा, असे त्यांत सांगितले आहे. म्हणजे दोन किलो तांदूळ फुकट देऊन अभिप्राय घेतला असेल, तर तसे लिहावे. लिहिणारा चुलतभाऊ असेल, तर तेही लिहावे. मग तो अभिप्राय छापावासा वाटतो काय ते पाहावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ सालीच ग्राहकांचे अभिप्राय गोळा करणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे यांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. काढले तेव्हा ते ऐच्छिक होते. अमेरिकेने २०२४ साली बनावट अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर स्पष्ट नियमाने बंदी घातली. 'सगळेच लिहितात' हे माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे केवळ बालाघाटचे नाही, एवढे यावरून दिसेलच.

एक सूचना विशेषतः अन्नपदार्थ आणि औषधी वनस्पती विकणाऱ्यांसाठी. 'या तांदळाने माझा मधुमेह आटोक्यात आला' असे एखादा ग्राहक मनापासून लिहितो. तो खोटे बोलत नसेलही. तरी ते वाक्य छापू नये. वर सांगितलेल्या दोन कसोट्यांपैकी दुसरीला तो उतरतो, पहिलीला उतरत नाही. त्याने भात खाल्ला हे त्याने जाणले आहे, साखर कशाने उतरली हे त्याने जाणलेले नाही. शिवाय आपल्या पानावर घेतलेले वाक्य आपले विधान होते, आणि त्याची जबाबदारीही आपली.

उरली संमती. ग्राहकाने खासगी पत्रात किंवा फोनवरील संदेशात जे लिहिले, ते त्याने आपल्याला लिहिले आहे, जगाला नव्हे. नाव, गाव, छायाचित्र यांपैकी काय छापावयाचे, हे विचारून लेखी होकार घ्यावा आणि जपून ठेवावा. छायाचित्र कोठून तरी उचललेले नसावे. नाव द्यावयाचे नसेल तर आद्याक्षर आणि गाव पुरते. पण विक्रेत्याच्या दप्तरात तो माणूस कोण हे नोंदलेले असावे, म्हणजे उद्या कोणी विचारले तर दाखविता येईल. संमती परत घेण्याचा अधिकारही ग्राहकास आहे, आणि त्याने तो वापरला तर कारण विचारीत बसू नये.

विद्यार्थ्याच्या पानावर तूर्त तीनच अभिप्राय आहेत. नागपूरच्या बाईंचा पहिला आहे. त्याखाली पाण्याच्या मापाची सूचना आहे आणि ती आता पिशवीवरही छापली जाते. दुसरा जबलपूरचा. त्यात तांदूळ उत्तम पण टपालखर्च अधिक वाटल्याचे लिहिले आहे, आणि चार कुटुंबांनी मिळून एकत्र मागविल्यास तो खर्च कसा उतरतो, हे विद्यार्थ्याने त्याखाली लिहिले आहे. तिसरा गोंदियाचा, पोवारीतील दोन वाक्यांसह. चौथा पुण्याचा होता. त्या गृहस्थांनी नाव काढण्यास कळविले, त्याच संध्याकाळी तो काढला. ती जागा सध्या मोकळी आहे. नवे पीक हाती आल्यावर ग्राहकांना पुन्हा तेच तीन प्रश्न पाठवावयाचे ठरले आहे.